दिवा लागतो, गाणं सुरू होतं, पण पट्ट्या हलत नाहीत: प्लेअर पियानो गप्प झाला तर काय तपासायचं

प्लेअर पियानो, म्हणजे आपोआप वाजणारा पियानो, बंद पडला की मला फोन येतो. पुण्यातला बंगला बोट क्लब रोडवरचा असो, फ्लॅट बाणेरचा असो की हॉटेलची लॉबी असो, सांगणारा एवढंच सांगतो की पियानो वाजत नाहीये. बाहेरून सगळे पियानो सारखेच गप्प दिसतात, पण आतली दुखणी वेगळी असतात. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा आणि खालच्यापैकी नेमकं काय घडतंय ते ठरवा.

– बटण दाबलं तरी दिवा लागत नाही, डिस्प्ले काळाच राहतो.
– दिवा लागतो, डिस्प्लेवर गाण्याचे सेकंद पुढे सरकतात, पण एकही पट्टी हलत नाही.
– स्पीकरमधून बाकीची वाद्यं नीट ऐकू येतात, पियानो मात्र हूं की चूं करत नाही. ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकते.
– पट्ट्या खालीवर होतात, पण तारांचा आवाज येत नाही.
– बाकी सगळं वाजतं, एखादीच पट्टी मुकी आहे.
– शेजारशेजारच्या पट्ट्यांचा अख्खा पट्टाच मुका आहे.
– मोठ्या आवाजाच्या जागा वाजतात, हळुवार जागी सूर गळतात.
– दहा-पंधरा मिनिटं छान वाजतो आणि मग थांबतो. थोड्या वेळाने पुन्हा वाजायला लागतो.
– एखादी पट्टी खाली बसते ती वर येतच नाही.

जे लक्षण असेल त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. दुरुस्तीवाला येईपर्यंत पियानो पुन्हा नीट वाजायला लागला, असं बऱ्याचदा होतं. मग दोष दाखवायला काहीच उरत नाही.

आत काय चालतं, ते थोडक्यात सांगते. पियानोचं लाकूड, तारा, हातोड्या हे सगळं नेहमीसारखंच असतं. प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाखाली एक सोलेनॉइड बसवलेला असतो. तांब्याची कॉइल आणि तिच्यात सरकणारा लोखंडी दांडा, एवढीच ती वस्तू. कॉइलमध्ये वीज गेली की दांडा वर उसळतो, पट्टीचं मागचं टोक उचलतो आणि हातोडी तारेवर पडते. पट्ट्या ८८, म्हणून सोलेनॉइडही साधारण तेवढेच, शिवाय पेडलसाठी वेगळा. कल्पना जुनी आहे. वेल्टे-मिन्योन हे जर्मन यंत्र १९०४ मध्ये कागदी रोल आणि हवेच्या ओढीवर हेच काम करत होतं. यामाहाचा डिस्क्लाविअर अमेरिकेत १९८७ मध्ये विक्रीला आला, त्यात हवेच्या जागी वीज आली. म्हणजे हुकूम एका ठरलेल्या वाटेनं जातो: फोन किंवा पेन ड्राइव्हवरून कंट्रोल बॉक्सकडे, तिथून ड्रायव्हर बोर्डाकडे, म्हणजे कॉइलला वीज सोडणाऱ्या सर्किटकडे, मग कॉइल, पट्टी आणि शेवटी हातोडी. वीजपुरवठा या सगळ्याला लागतो. हुकूम या वाटेवर नेमका कुठे अडकला ते शोधणं म्हणजेच दुरुस्ती. नळाला पाणी आलं नाही तर आपण आधी टाकी बघतो, भिंत फोडत नाही. इथेही तसंच करायचं.

आधी हाताने वाजवा

सिस्टिम बंद करा आणि डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी बोटाने दाबून बघा, काळ्या पट्ट्यासुद्धा. याला एक पैसाही लागत नाही, तरी जवळजवळ कुणीच हे करत नाही. जी पट्टी हाताला जड लागते, हळू वर येते किंवा दाबल्यावर खालीच राहते, तिचा दोष इलेक्ट्रॉनिक्सचा नाही. सोलेनॉइडला तुमच्या बोटापेक्षा जास्त काही जमत नाही. बोट जिथे अडतं तिथे तोही अडणार. अशा वेळी इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला बोलावलंत तर तो प्रामाणिकपणे सगळे बोर्ड तपासेल, पैसे घेईल आणि पट्टी तशीच राहील. तुम्हाला तिथे ट्यूनर, म्हणजे पियानोचे सूर लावणारा कारागीर हवा असतो.

हाताने सगळं सुरळीत वाजत असेल तर पुढे चला.

वीज येते का, आणि योग्य वीज येते का

सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून बघा. फोनचा चार्जर चालला म्हणजे सॉकेट ठीक, असं धरू नका. सैल सॉकेटवरसुद्धा चार्जर चालतो, कारण त्याला वीज अगदी कमी लागते. सोलेनॉइड मात्र मोठ्या सुरावटीला एकदम जोरात वीज ओढतात आणि सैल पॉइंट तिथेच दगा देतो. एक्स्टेन्शन बोर्ड काढून पियानो थेट भिंतीला लावा.

मग पियानोच्या पोटाखाली वाकून बघा. नंतर बसवून घेतलेल्या बऱ्याच सिस्टिममध्ये पॉवर सप्लायचा डबा पियानोखाली लावलेला असतो आणि त्याला स्वतःचा वेगळा स्विच असतो. फरशी पुसताना फडक्याचा किंवा झाडूच्या दांड्याचा धक्का लागून तो बंद होतो. वर समोरचं बटण कितीही दाबलं तरी मग काही होत नाही.

गणपतीत या तक्रारी हमखास वाढतात. मखराला जागा हवी म्हणून पियानो दोन हात सरकवला जातो, मागची वायर ताणली जाते आणि प्लग अर्धा बाहेर येतो. वर त्याच बोर्डावर दिव्यांच्या माळा लागतात. तुमचा पियानो गौरी-गणपतीनंतर मुका झाला असेल तर आधी प्रत्येक वायरीचं दुसरं टोक हाताने चाचपून बघा. नुसतं डोळ्यांनी बघून अर्धा निघालेला प्लग कळत नाही.

दुसरी पुणेरी वेळ म्हणजे गुरुवार. देखभालीसाठी वीज जाते, परत येताना कधी झटका देते, कधी लागोपाठ येते-जाते. त्यात कंट्रोल बॉक्सचा प्रोसेसर अर्धवट सुरू होऊन अडकतो. दिवा लागतो, पण पुढे काही हालचाल नाही. यावर उपाय साधा: मुख्य प्लग भिंतीतून काढा आणि दहा मिनिटं तसाच ठेवा. दहा मिनिटं अशासाठी की पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. दोन सेकंदांत पुन्हा चालू केलंत तर प्रोसेसरला वाटतं, आपण बंद झालोच नव्हतो. शिवाय गरम होऊन थांबलेली सिस्टिम तेवढ्या वेळात थंड होते. एवढ्यानं सुरू झाला तर वीज जाणार असेल त्या दिवशी प्लग आधीच काढून ठेवायची सवय लावा. घरच्या इन्व्हर्टरवर पियानो घेऊ नका, विशेषतः स्क्वेअर वेव्हच्या. त्यावर सप्लाय गुणगुणतो, तापतो.

जपानहून आलेला सेकंडहँड पियानो असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. जपानची घरगुती वीज १०० व्होल्टची, अमेरिकेची १२० ची, आपली २३०. पियानोमागच्या किंवा डब्यावरच्या धातूच्या पाटीवर व्होल्टेज लिहिलेलं असतं. तिथे १०० असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. घर बदलताना हा ट्रान्सफॉर्मर जुन्या जागी राहतो, मूव्हर्सची माणसं पिनेवर ॲडॉप्टर लावतात आणि पियानो सरळ २३० वर चढतो. नशीब असेल तर फ्यूजवर निभावतं, नाहीतर पॉवर सप्लाय जातो. ट्रान्सफॉर्मर घेताना डब्यावर लिहिलेल्या वॅटच्या निदान दीडपट क्षमतेचा घ्या. हेअर ड्रायरसाठीचे स्वस्त कन्व्हर्टर चालणार नाहीत.

फ्यूज सगळ्यात शेवटी. प्लग भिंतीतून काढल्यावरच फ्यूजचं झाकण उघडा. काचेच्या फ्यूजमधली तार तुटलेली दिसली तर तेवढ्याच ॲम्पिअरचा, त्याच प्रकारचा नवा फ्यूज आणा. तपकीर गल्लीत मिळेल, जुना बरोबर न्या. त्याच्या टोपीवर ॲम्पिअरच्या आधी इंग्रजी टी असेल तर तो हळू उडणारा प्रकार आहे, दुकानदाराला तसं सांगा. जास्त ॲम्पिअरचा टाकू नका, तार गुंडाळू नका, चांदीचा कागद लावू नका. नवा फ्यूजही लगेच उडाला तर इथेच थांबायचं. तिसरा टाकून बघायचा नाही. आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि फ्यूज त्याचं काम करतोय. पियानो चालू केल्यावर घराचा एमसीबी किंवा आरसीसीबी, म्हणजे मीटरजवळचा आपोआप बंद होणारा सुरक्षा स्विच पडत असेल तरीही हेच.

सिस्टिममधलं स्वतःचं गाणं वाजवा

माझ्या मते सबंध तपासणीत सगळ्यात मोलाची पायरी ही. बहुतेक सिस्टिममध्ये कंपनीने भरलेली काही गाणी किंवा डेमो असतो. फोन, पेन ड्राइव्ह, वायफाय सगळं बाजूला ठेवा आणि ते वाजवा. शक्य असेल तर पियानोच्या स्वतःच्या बटणांनी किंवा रिमोटने.

डेमो नीट वाजला तर कंट्रोल बॉक्सपासून हातोडीपर्यंतची वाट साफ आहे. पियानोला काहीही झालेलं नाही. दोष गाणं जिथून येतं तिथे आहे आणि पियानो उघडायची काडीचीही गरज नाही. डेमोही वाजला नाही तर फोनशी झटापट करण्यात अर्थ नाही. एका चाचणीत निम्मे संशयित सुटतात. तरी लोक दोन-दोन दिवस फोनमधलं ॲप काढून पुन्हा टाकत बसतात.

डेमोला पट्ट्या हलतात पण तारा वाजत नसतील तर सायलेंट मोड बघा. रात्री हेडफोनवर वाजवता यावं म्हणून काही पियानोंत हातोड्या तारेपर्यंत पोचण्याआधी अडवणारी आडवी दांडी असते. खटका किंवा पेडल त्या स्थितीत राहिलं की पट्ट्या नाचतात आणि खोली शांत. हेडफोनचा जॅकही काढून बघा, नुसता जॅक किंवा ॲडॉप्टर आत राहिला तरी काही मॉडेल आवाज वळवतात.

मग आवाजाची पातळी. पियानोचा आवाज आणि स्पीकरचा आवाज वेगवेगळा असतो. लहान मुलांनी रिमोटशी खेळून पियानोची पातळी शून्यावर नेलेली असते आणि स्पीकर मोठ्याने गातोय म्हणून कुणाला शंका येत नाही. ती वर न्या.

गाणं येतं, पियानो ऐकत नाही

स्पीकर वाजतोय आणि पियानो गप्प, या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काही सिस्टिम फोन किंवा सीडी प्लेअरकडून साधा स्टिरिओ आवाज घेतात. त्यातल्या एका चॅनेलवर संगीत असतं आणि दुसऱ्यावर पियानोसाठीचे हुकूम, आवाजाच्या रूपात बांधलेले. हे हुकूम उलगडायला आवाज पुरेसा मोठा आणि अगदी जसाच्या तसा पोचावा लागतो. म्हणून फोनची व्हॉल्यूम पूर्ण किंवा जवळपास पूर्ण ठेवा. आपल्याला कमी ऐकायचं असेल तर ते पियानोच्या सिस्टिमवरून कमी करा, फोनवरून नाही. कानांच्या काळजीपोटी काही फोन आपणहून व्हॉल्यूम खाली आणतात, तेही बघा. इक्वलायझर, डॉल्बी, आवाज सारखा करणारे पर्याय, सगळे बंद. आणि फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू असेल तर दोन्ही चॅनेल मिसळून जातात, मग पियानोला काहीच कळत नाही. घरातल्या आजोबांना एका कानाने कमी ऐकू येतं म्हणून मोनो चालू केलेला असतो आणि त्याच फोनवरून पियानो लावला जातो. स्पीकरमधून कर्कश खरखर येत असेल तर समजा की हुकूम उलगडण्याऐवजी तसेच बाहेर पडताहेत. एका कंपनीची गाणी दुसऱ्या कंपनीच्या सिस्टिमवर लावली तरी असं होऊ शकतं.

मिडीवरून, म्हणजे वाद्यं एकमेकांना वाजवायचे हुकूम पाठवतात त्या पद्धतीने वाजवत असाल तर आधी केबल. ही पद्धत १९८३ पासून चालत आली आहे आणि तिचा नियम सरळ आहे: वाजवणाऱ्या यंत्राचं आउट, पियानोचं इन. दोन्ही टोकं दिसायला सारखी असल्याने ती उलटी लागतात. केबल बरोबर असेल तर चॅनेल बघा. मिडीत १६ चॅनेल असतात आणि पियानो सहसा पहिल्या चॅनेलचे हुकूम ऐकतो, काही जुने पहिल्या दोन चॅनेलचे. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलमध्ये पियानोचा भाग तिसऱ्या किंवा चौथ्या चॅनेलवर असला की बासरी, व्हायोलिन सगळं स्पीकरमधून ऐकू येईल, पट्ट्या मात्र स्वस्थ बसतील. कॉम्प्युटरवर फाइल उघडून पियानोचा भाग पहिल्या चॅनेलवर न्या, गोष्ट मिटते.

पेन ड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेला लागतो. हल्लीचे मोठे पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये येतात, ते जुन्या सिस्टिमला दिसतच नाहीत. फाइल दिसते पण वाजत नाही, असं असेल तर ती मिडीच्या टाइप १ ची असण्याची शक्यता आहे. जुनी यंत्रं टाइप ० मागतात. कॉम्प्युटरवर टाइप ० म्हणून पुन्हा सेव्ह करा.

फ्लॉपीवाले पियानो अजून आहेत. सुरुवातीच्या बऱ्याच मॉडेलना ७२० केबीची डबल डेन्सिटी फ्लॉपीच लागते. फ्लॉपी टाकल्यावर ड्राइव्हचा आवाज येतो आणि चूक दाखवली जाते, तर ड्राइव्हमधला रबरी पट्टा विरघळला असेल किंवा हेडवर बुरशी असेल. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या फ्लॉप्यांवर बुरशी धरते, तीच ड्राइव्हमध्ये जाते. यूएसबीवर चालणारा फ्लॉपी एम्युलेटर बसवून घेणं हा यावरचा टिकाऊ उपाय. तुमच्या मॉडेलला चालणारा कोणता, ते विचारूनच घ्या. आणि जुन्या फ्लॉप्यांवर घरातल्या कुणाचं वाजवलेलं रेकॉर्डिंग असेल तर सगळ्यात आधी त्याची प्रत काढून घ्या, दुरुस्ती नंतर. पियानो पुन्हा वाजता करता येतो, ते वाजवणं पुन्हा मिळत नाही.

वायफायचं फार लांबवत नाही. फोन आणि पियानो एकाच नेटवर्कवर हवेत. इंटरनेट कंपनी बदलली, राउटर नवा आला, की पियानो जुन्या नावाचा शोध घेत बसतो. बरीच यंत्रं २.४ गिगाहर्ट्झच ओळखतात. हॉटेलांत पाहुण्यांच्या वायफायवर एका यंत्राला दुसरं दिसू नये अशी सोय केलेली असते. पियानोसाठी आयटीवाल्यांकडून वेगळं नेटवर्क मागून घ्या.

एखाददुसरी पट्टी मुकी असेल तर

मार्च ते मे हवा कोरडी, जून लागला की भिंतींनासुद्धा ओल येते. पियानोचं लाकूड आणि फेल्ट हे सगळं सोसतं. जुलैत मी प्रभात रोडवरच्या एका जुन्या बंगल्यातला पियानो बघते. दरवर्षी त्याच्या मधल्या सप्तकातल्या दोन-तीन पट्ट्या सिस्टिमवर हळुवार जागी गळतात, जोरात मात्र वाजतात. पट्टी दाबून सोडली की ती वर येते, पण शेवटचा मिलिमीटर रेंगाळते. पट्टीचं पुढचं टोक दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवलं तर नेहमीची ती बारीक टकटक जाणवत नाही, पट्टी घट्ट उभी राहते. पट्टीच्या पोटात एक खाच असते, खाचेला दोन्ही बाजूंनी लाल फेल्ट लावलेलं असतं आणि त्यात धातूची पिन जाते. ते फेल्ट ओलीने फुगलेलं असतं. हळुवार सुराला सिस्टिम कॉइलला अगदी थोडी वीज देते, तेवढ्या ताकदीला हे घर्षण ओलांडता येत नाही.

म्हणून हळुवार सूर गळत असतील तर पियानोची पातळी थोडी वाढवून बघा. सगळे सूर परत आले तर कॉइल आणि बोर्ड चांगले आहेत, घर्षण वाढलंय. खोलीत हवेतली ओल मोजणारा हायग्रोमीटर ठेवा. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर पियानो सुखात असतो. डीह्युमिडिफायर किंवा एसीचा ड्राय मोड काही दिवस लावा आणि पुन्हा तपासा. तरीही पट्टी घट्टच राहिली तर ट्यूनर खास पक्कड वापरून फेल्ट हलकेच दाबतो, काम थोड्या वेळाचं असतं.

शिलाई मशीनचं तेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे यातलं काहीही पट्टीत सोडू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग लाकूड फुगतं, फेल्ट चिकट होतं, तेलावर धूळ बसते आणि साधं काम मोठं होऊन बसतं. सोलेनॉइडच्या दांड्यालाही तेल लावायचं नसतं.

दोन पट्ट्यांच्या फटीत टॉर्च मारून बघा. नाणं, हेअरपिन, पेन्सिलीचं टोक, उदबत्तीची काडी हे सगळं तिथे सापडतं. वरून चिमट्याने सहज निघालं तर काढा. खोल ढकलू नका, खाली सोलेनॉइडसाठी कापलेली फट असते.

पट्टी खालीच बसून राहिली असेल तर एक महत्त्वाची खूण सांगते. ताबडतोब प्लग काढा आणि पट्टीकडे बघा. वीज जाताच ती आपोआप वर आली, तर तिला कॉइल धरून बसली होती. म्हणजे ड्रायव्हर बोर्डावरचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झालाय. वीज गेल्यावरही ती खालीच राहिली तर दोष लाकडाचा किंवा फेल्टचा, घाई नाही. पहिल्या प्रकारात मात्र पियानो पुन्हा चालू करायचा नाही, एकदा बघू म्हणूनसुद्धा नाही. कॉइल क्षणभर वीज घ्यायला बनलेली असते. सतत वीज मिळाली तर ती जळते, आणि भोवती सगळं लाकूड आणि लोकर आहे.

उघडायचं झालं तर किती

अपराइट पियानोची पायाजवळची फळी एका स्प्रिंगच्या खटक्यावर असते. प्लग काढून, अर्धा तास थांबून ती काढायला हरकत नाही, पण हात खिशात ठेवून बघायचं. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, लेंड्या, बोर्डावर चिकटून मेलेली पाल, सुटलेला कनेक्टर, वरचं टोक फुगलेले कपॅसिटर. फळी काढण्याआधी आणि नंतर फोटो घ्या. सुटलेला कनेक्टर स्पष्ट दिसत असेल आणि तो एकाच जागी बसत असेल तर बसवा. बाकी काही हलवू नका.

मल्टिमीटर सराईतपणे वापरता येत असेल तर एक पायरी पुढे जाता येईल. मुक्या पट्टीच्या कॉइलचा रोध शेजारच्या चालू कॉइलशी ताडून बघा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर कॉइल ठीक, दोष बोर्डात. मुक्या कॉइलला मीटर अमर्याद रोध दाखवत असेल तर ती तुटली. ज्या सिस्टिममध्ये प्रत्येक कॉइलला वेगळा कनेक्टर असतो तिथे प्लग काढलेल्या स्थितीत शेजारच्या दोन कनेक्टरांची अदलाबदल करता येते. मुकेपणा शेजारच्या पट्टीवर सरकला तर बोर्ड, जागच्या जागी राहिला तर कॉइल. लागोपाठच्या अनेक पट्ट्या एकदम गेल्या असतील तर कॉइल तपासत बसू नका. एवढ्या कॉइल एका दिवशी जळत नाहीत. त्या सगळ्या पट्ट्या एका ड्रायव्हर बोर्डावरच्या असतात आणि त्या बोर्डाची केबल, फ्यूज किंवा तो बोर्ड स्वतः गेलेला असतो.

काही वेळ वाजून थांबणारा, किंवा मोठा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे अनेक सूर, आला की डिस्प्ले मंद होऊन पुन्हा सुरू होणारा पियानो वीस-पंचवीस वर्षांचा असेल तर माझा पहिला संशय पॉवर सप्लायच्या कपॅसिटरवर. ते म्हातारे होतातच आणि उष्णतेत लवकर होतात. अंगठ्याचा नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. खिडकीतल्या उन्हात ठेवलेला पियानो म्हणून आधी थकतो. पॉवर सप्लायचा डबा घरी उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात जोरदार झटका देण्याइतकी वीज राहू शकते.

कुठे थांबायचं

जळका वास, धूर, दुसऱ्यांदा उडालेला फ्यूज, विजेबरोबर खाली बसणारी पट्टी, पियानोच्या धातूला हात लावल्यावर येणारी झिणझिण: यातलं एक जरी असेल तर प्लग काढा, फोन करा. वॉरंटीत असेल तर फळीसुद्धा काढू नका.

ग्रँड पियानोची ॲक्शन, म्हणजे पट्ट्या आणि हातोड्यांचा तो अख्खा सांगाडा, बाहेर ओढायचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नका, अगदी हुशार टीव्ही मेकॅनिकलाही नाही. ओढताना चुकून एक पट्टी जरी दाबली गेली तरी तिची हातोडी वर उठते, चौकटीला अडते आणि दांडा मोडतो. दुरुस्ती कॉइलची, खर्च हातोड्यांचा, असं होऊन बसतं. पॉवर सप्लाय किंवा कंट्रोल बॉक्स पियानोबाहेर असेल तर तो सुटा करून चांगल्या इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याकडे खुशाल न्या, पुण्यात अशी माणसं आहेत. पट्ट्यांखालचं काम मात्र ज्याने सोलेनॉइडची रेल, म्हणजे ते ओळीने बसवलेले असतात ती चौकट, आधी हाताळली आहे त्यालाच द्या. हा प्रश्न फोनवरच विचारा, संकोच करू नका. मॉडेल नंबर, सिरियल नंबर, डब्यावरचं व्होल्टेज, लक्षणाचा व्हिडिओ, डेमो वाजला की नाही आणि हाताने सगळं वाजतं का, एवढं आधीच पाठवलंत तर येणारा माणूस योग्य सुटा भाग घेऊन येतो.

आणि कुणी म्हणालं की सिस्टिम जुनी झाली, सगळं उखडून टाकू, साधा पियानो म्हणून वापरा, तर लगेच हो म्हणू नका. बहुतेक वेळा म्हातारा झालेला असतो तो कंट्रोल बॉक्स, सोलेनॉइडची रेल ठणठणीत असते. काही जुन्या डिस्क्लाविअरना नवं कंट्रोल युनिट बाहेरून जोडता येतं आणि नंतर बसवलेल्या सिस्टिमच्या कंपन्याही जुन्या रेलवर चालणारे नवे कंट्रोलर देतात. तुमच्या मॉडेलसाठी काय मिळतं ते लेखी विचारून घ्या, आणि उत्तर येईपर्यंत रेलचा एक स्क्रूही सोडवू देऊ नका.